डॉपलर अहवालातील शब्द: 'इन्कॉम्पिटन्ट' म्हणजे ब्लॉकेज का, आणि 'कॉम्प्रेसिबल' म्हणजे नस दबलेली का?

लेक_वाळवा (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे. गेली २८ वर्षे ती पोळी-भाजी केंद्र चालवते, म्हणजे पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत ओट्यासमोर उभी असते. तिच्या उजव्या पोटरीवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा मला लहानपणापासून आठवतात. धाकट्या भावाच्या वेळी, सातव्या महिन्यात त्या पहिल्यांदा दिसल्या, असे आजी सांगायची. त्यांचा त्रास असा फारसा नव्हता, म्हणून कोणी लक्षही दिले नाही. मात्र गेल्या दोन वर्षांत संध्याकाळी पाय जड होऊ लागला, घोट्यावर बोट दाबले की खळगा तसाच राहू लागला आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी, कोरडी होऊन तिला खाज सुटू लागली. खाजेसाठी तिने औषधांच्या दुकानातून नायट्याचे मलम आणून चार महिने लावले. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा घरात सगळे 'शिरेवर शीर चढली' म्हणतात आणि तेल चोळतात.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितले. अहवालातील मजकूर देवनागरीत लिहीत आहे: 'उजवे सॅफेनोफेमोरल जंक्शन इन्कॉम्पिटन्ट, रिफ्लक्स २.८ सेकंद. ग्रेट सॅफेनस व्हेन मांडीत ८ मिलीमीटर. घोट्याच्या वर तीन इन्कॉम्पिटन्ट परफोरेटर्स. डीप व्हेन्स पेटंट अँड कॉम्प्रेसिबल, नो डीव्हीटी.' केसपेपरवर डॉक्टरांनी 'सी४ए, ईपी, एएस,पी, पीआर' असे लिहिले आहे आणि लेझर किंवा तत्सम उपचाराने शीर बंद करावी लागेल, असे सांगितले आहे.

बाबांची १२ वर्षांपूर्वी हृदयाची बायपास झाली, त्यामुळे आमच्या घरात 'ब्लॉकेज' हा शब्द सर्वांना पाठ आहे. 'इन्कॉम्पिटन्ट' म्हणजे पायात ब्लॉकेज, असे बाबांनी ठरवून टाकले. चुलतभावाने 'कॉम्प्रेसिबल'चा अर्थ 'नस दबलेली आहे' असा लावला आणि नस मोकळी करणाऱ्या एका मालिशवाल्याचा पत्ताही आणून दिला. आई मात्र एकच प्रश्न विचारते आहे: 'शीर बंद केली, तर पायातले रक्त वर चढणार कसे?' कृपया हे शब्द कोणी नीट समजावून सांगेल का? डॉक्टरांकडे परत जाण्यापूर्वी मला निदान योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढीच अपेक्षा आहे.

शल्यक

ताई, मी या विषयात काम करणारा शल्यचिकित्सक आहे. पाय न पाहता उपचार सांगता येत नाही आणि सांगूही नये, पण अहवालातील शब्द निश्चितच उलगडता येतील. आधी एक महत्त्वाची गोष्ट: मालिशवाल्याकडे सध्या जाऊ नका. त्याचे कारण पुढे येईलच.

गोंधळाचे मूळ आपल्या बोलीत आहे. 'नस' हा एकच शब्द आपण रक्तवाहिनीसाठी वापरतो, मज्जातंतूसाठी वापरतो आणि टाचेमागच्या स्नायुबंधासाठीही वापरतो. 'शीर' या शब्दाचेही तसेच आहे. पोटरीतला गोळा म्हणजे स्नायूचे आकुंचन. त्यात एक शीर दुसऱ्या शिरेवर चढत नाही. कंबरेत 'नस दबते' तेव्हा दबलेला असतो मज्जातंतू. शालेय पुस्तकातील शब्द येथे अधिक नेमके आहेत: हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. आपल्या वडिलांचा आजार रोहिण्यांचा होता, आईंचा नीलांचा आहे. या दोन आजारांची कारणे वेगळी आहेत आणि उपचारही वेगळे.

पायात नीलांचे दोन थर असतात. स्नायूंच्या आत, हाडांच्या जवळून जाणाऱ्या त्या खोल नीला, आणि कातडीखालच्या चरबीतून जाणाऱ्या त्या वरवरच्या नीला. पायातून वर जाणाऱ्या रक्तापैकी सुमारे ९० टक्के रक्त खोल नीलांमधून जाते. वरवरच्या नीलांमध्ये सर्वांत लांब ती ग्रेट सॅफेनस. ती घोट्याच्या आतल्या हाडापुढून निघते, पोटरी आणि मांडीच्या आतल्या बाजूने वर चढते आणि जांघेत खोल नीलेला मिळते. हा संगम म्हणजेच अहवालातील सॅफेनोफेमोरल जंक्शन. वाटेत दोन्ही थरांना जोडणाऱ्या लहान नीला असतात, त्या स्नायूवरचे आवरण भेदून आत जातात म्हणून त्यांना परफोरेटर म्हणतात.

आता 'इन्कॉम्पिटन्ट'. नीलांमध्ये ठिकठिकाणी दोन पाकळ्यांच्या नाजूक झडपा असतात. पोटरीचा स्नायू आवळला की खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडला की झडपा मिटतात आणि रक्त खाली घसरत नाही. नीलेची भिंत सैलावून ती रुंद झाली की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, मधे फट राहते आणि वर चढलेले रक्त त्या फटीतून परत खाली येते. या उलट प्रवाहाला रिफ्लक्स म्हणतात. म्हणजे वाट बंद झाल्याची ही तक्रार मुळीच नाही. दार नीट लागत नाही, अशी ती आहे. आपल्या वडिलांना हाच फरक समजावून सांगावा. तपासणी करताना रुग्णाला उभे करून पोटरी हाताने दाबतात आणि सोडल्यावर रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजतात. वरवरच्या नीलांमध्ये हा काळ अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असेल, तर झडप निकामी धरतात. आईंच्या बाबतीत तो २.८ सेकंद आहे, आणि मांडीत ८ मिलीमीटर रुंदी म्हणजेही नीला बरीच फुगली आहे.

'पेटंट' म्हणजे मोकळी, वाहती. 'कॉम्प्रेसिबल' या शब्दाने घाबरायचे काहीच कारण नाही, उलट संपूर्ण अहवालातील सर्वांत दिलासा देणारा शब्द तोच आहे. तपासनीस यंत्राचा टोकदांडा कातडीवर दाबतो तेव्हा निरोगी नीला पाण्याच्या मऊ नळीसारखी पूर्ण चपटी होते. आत रक्ताची गुठळी असेल तर ती चपटी होत नाही. खोल नीलेतील अशा गुठळीला डीव्हीटी म्हणतात; ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. आईंना ती नाही. पण समजा एखाद्याला ती असती आणि 'नस मोकळी' करायला म्हणून कोणी पोटरी जोर लावून रगडली असती, तर काय झाले असते, याचा विचार चुलतभावाने जरूर करावा. अचानक एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा दम लागून छातीत दुखू लागले, तर तेल, शेक, मालिश यांत एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे.

केसपेपरवरची अक्षरे म्हणजे सीईएपी नावाचे वर्गीकरण. १९९४ साली ते प्रथम ठरले, २००४ आणि २०२० मध्ये त्यात सुधारणा झाल्या. 'सी' म्हणजे डोळ्यांना जे दिसते ते: सी१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा, सी२ म्हणजे ३ मिलीमीटर किंवा त्याहून रुंद फुगलेल्या नीला, ज्यांना आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो आणि वैद्यकीय मराठीत अपस्फीत नीला असा शब्द आहे; सी३ म्हणजे सूज, सी४ म्हणजे कातडीतील बदल, सी५ म्हणजे बरी झालेली जखम आणि सी६ म्हणजे उघडी जखम. 'ईपी' म्हणजे आजार प्राथमिक आहे, जुन्या गुठळीमुळे झालेला नाही. 'एएस,पी' म्हणजे दोष वरवरच्या नीलांत आणि परफोरेटरमध्ये आहे, आणि 'पीआर' म्हणजे दोषाचे स्वरूप रिफ्लक्सचे आहे. अडथळा असता तर तेथे 'आर'ऐवजी 'ओ' लिहिले असते. वडिलांच्या शंकेचे उत्तर त्या एका अक्षरातच आहे.

राहिले सी४ए, म्हणजे आईंच्या घोट्यावरची तपकिरी, खाजरी कातडी. मला अहवालापेक्षा याची काळजी अधिक वाटते. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याच्या नीलांमध्ये पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलीमीटर इतका दाब असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतचा रक्ताचा सगळा स्तंभ तेथे तोललेला असतो. चालू लागले की पोटरी रक्त उपसते आणि निरोगी पायात हा दाब ३० च्याही खाली जातो. झडपा निकामी असतील तर तो तितका उतरत नाही. सततच्या दाबाने केशवाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. त्या पेशी फुटल्या की त्यांतील लोह कातडीत साचते आणि कातडी तपकिरी होते. खाज त्याच दाहातून येते. हा नायटा नाही, त्यामुळे नायट्याच्या मलमाने तो जाणार नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या अशा अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. महिनोन् महिने लावल्यास ते कातडी पातळ करते, आणि या जागी पातळ कातडी म्हणजे जखमेला आमंत्रणच. ते मलम आजच बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

निवृत्त_मुख्याध्यापिका

डॉक्टरांनी शब्द इतके सोपे केले आहेत की त्यांत भर घालण्याचा माझा अधिकार नाही; मी फक्त पायावर दाब देणाऱ्या लांब मोज्यांविषयी लिहिते, कारण आपल्या आईंना उपचारापूर्वी किंवा नंतर ते घालावे लागतील आणि त्याबाबत कोणी नीट सांगत नाही. मी ३४ वर्षे फळ्यासमोर उभी राहिले. माझे दोन्ही पाय सी३ होते.

पहिली जोडी मी एका दुकानातून 'मध्यम माप' म्हणून उचलली. दुकानदाराने पाय मोजला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. गुडघ्याखाली मोज्याची कड इतकी रुतली की संध्याकाळी तेथे खोल वळ उठायचा आणि त्याच्या खालचा पाय अधिकच सुजायचा. या मोज्यांचा दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत गेला पाहिजे. वरची कड आवळू लागली की नेमके उलटे घडते. म्हणून घोट्याचा आणि पोटरीचा घेर, तसेच टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी टेपने मोजून घ्यावी, आणि तीही सकाळी उठल्याबरोबर, सूज नसताना. खोक्यावरचा 'क्लास २' हा शब्द पुरेसा नाही. ब्रिटिश मापात क्लास २ म्हणजे १८ ते २४ मिलीमीटर दाब आणि जर्मन मापात २३ ते ३२, त्यामुळे डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्यावा आणि खोक्यावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

मोजे सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी घालायचे. मी भांडी घासण्याचे रबरी हातमोजे चढवते. त्यांची पकड चांगली बसते आणि नखाने धागा ओढला जात नाही. आधी मोजा टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत सरकवायचे, टाच बरोबर टाचेवर बसली की मग वरचा भाग थोडा थोडा तळव्याने चोळत वर न्यायचा. वर उरलेला भाग दुमडून ठेवू नये, तेथे दाब दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यांत घाम येतो, खाज सुटते, हे खरे आहे आणि ओट्यासमोर शेगडीची धग असताना तर ते फारच जाणवेल. म्हणून दोन जोड्या ठेवाव्यात, रोज धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो. सहज चढू लागले की समजावे, आता बदलण्याची वेळ आली.

लेक_वाळवा

आपणा दोघांचेही मनापासून आभार. मलम बंद केले आहे. बाबांना 'दार नीट लागत नाही' हे उदाहरण एकदम पटले. मात्र एक गोष्ट मी लिहायची विसरले होते. आईला मधुमेह आहे. शिवाय मागच्या श्रावणात आंघोळ करताना घोट्याजवळची एक फुगलेली शीर खरचटून रक्ताची बारीक पिचकारी उडाली होती. आम्ही घाबरून गुडघ्याखाली ओढणी करकचून बांधली, तरी रक्त बराच वेळ थांबले नाही. ते कसे हाताळायला हवे होते?

वॉर्ड_सिस्टर

मी २२ वर्षे शल्य विभागात परिचारिका आहे, म्हणून याचे उत्तर मी देते. ओढणी बांधणे हेच चुकले, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. रोहिणी कापली तर रक्त वरून येते, म्हणून वर बांधण्याची कल्पना आपल्या मनात पक्की बसलेली असते. नीलेचे रक्त खालून वर जात असते. गुडघ्याखाली बांधले की त्याची परतीची वाट अडते, खालचा दाब आणखी वाढतो आणि त्याच छिद्रातून रक्त अधिक जोराने येते.

करायचे ते इतकेच: रुग्णाला जमिनीवर आडवे करायचे, पाय उचलून खुर्चीवर किंवा भिंतीला टेकवून हृदयापेक्षा उंच ठेवायचा, आणि स्वच्छ कापडाची घडी नेमकी त्या ठिकाणी ठेवून दहा मिनिटे दाबून धरायची. मधेच उचलून पाहायचे नाही. पाय उंच होताच दाब उतरतो आणि रक्त आश्चर्य वाटावे इतक्या लवकर थांबते. मग घडीवर पट्टी बांधून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. घाबरून रुग्णाला खुर्चीत बसवून ठेवणे किंवा चालवत रिक्षेपर्यंत नेणे, हे सर्वांत वाईट. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तींचा अशा रक्तस्रावाने मृत्यूही होऊ शकतो, म्हणून आपल्या आईंना हे स्वतःला करता आले पाहिजे: झोपणे, पाय वर, बोट जागेवर.

मधुमेहाचे लिहिलेत ते बरे झाले. मोजे घेण्याआधी पायाच्या रोहिण्या तपासल्या गेल्या पाहिजेत. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, असा तो हिशेब असतो. उत्तर १ च्या आसपास हवे, ०.८ च्या खाली आले तर डॉक्टर घट्ट मोज्यांबाबत सावध होतात आणि ०.५ च्या खाली ते देत नाहीत, कारण आधीच कमी रक्त मिळणारा पाय आणखी आवळला जाईल. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती कडक होतात आणि हा आकडा खोटाच चांगला दिसू शकतो, म्हणून पावलावरची नाडीही तपासायला सांगा.

शल्यक

सिस्टरांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य बरोबर आहे. रक्तस्रावाची ही हकीकत आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. एकदा रक्त आलेली नीला पुन्हा फुटू शकते, त्यामुळे उपचार लांबणीवर टाकू नये.

आता आईंचा मूळ प्रश्न, जो मला या सर्व चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो. शीर बंद केल्यावर रक्त वर कसे जाणार? ग्रेट सॅफेनसमधून सध्या रक्त वर जातच नाही; जांघेतून ते खाली गळते, घोट्यापर्यंत येते, परफोरेटरमधून आत शिरते, पोटरी ते पुन्हा वर ढकलते आणि जांघेतून ते परत गळते. हे चक्र तोडायचे असते. लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने नीला आतून भाजून मिटवतात. रेडिओलहरींच्या पद्धतीत नळीचे टोक सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून नीलेभोवती थंड भुलीचे पाणी भरून आजूबाजूचे भाग जपतात. फेस होणारे औषध टोचणे, वैद्यकीय गोंदाने चिकटवणे किंवा जुन्या पद्धतीने नीला बांधून ओढून काढणे, हेही पर्याय आहेत. कोणता निवडायचा ते नीलेच्या रुंदीवर, वळणांवर आणि खर्चावर ठरते. रक्त मोकळ्या असलेल्या खोल नीलांमधून जाते, आणि म्हणूनच अहवालातील 'पेटंट अँड कॉम्प्रेसिबल' हे शब्द उपचारापूर्वी आम्ही इतके काळजीपूर्वक वाचतो. मुख्य गळती थांबल्यावर परफोरेटर अनेकदा आपोआप सुधारतात, त्यामुळे तिन्हींवर लगेच उपचार लागेलच असे नाही, हे विचारून घ्या. गुडघ्याखाली या नीलेला चिकटून एक मज्जातंतू जातो. त्याला धग लागली तर कातडीचा काही भाग बधिर होतो, म्हणून 'गुडघ्याखाली किती खाली जाणार?' हाही प्रश्न विचारा.

आणि या सगळ्याचा पुरावा आपल्या घरातच असण्याची शक्यता आहे. अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक रेने फाव्हालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पायातील सॅफेनस नीला वापरून हृदयाची बायपास सुरू केली, आणि आजही बहुतेक बायपासमध्ये तिचा तुकडा लागतो. झडपा वाटेत आडव्या येऊ नयेत म्हणून ती उलटी करून जोडतात. वडिलांच्या पायाच्या आतल्या बाजूला लांब व्रण आहे का, ते पाहा.

लेक_वाळवा

आहे. डाव्या पायावर, घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत. आम्ही सगळे तो बारा वर्षे पाहत आलो आहोत आणि ती बायपासची खूण आहे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. काल रात्री बाबांनी लेंगा वर करून आईला तो व्रण दाखवला. आईने त्यावरून बोट फिरवले, मग त्यांच्या घोट्यावर दाबून पाहिले, सूज नव्हती. 'म्हणजे यांची शीर काढूनच टाकली आणि तरी हे रोज मळ्यापर्यंत चालत जातात,' एवढे बोलून तिने पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

बुधवारी सकाळची वेळ घेतली आहे. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तपासणी, पावलावरची नाडी, रक्तस्रावाची हकीकत, परफोरेटर आणि गुडघ्याखालचा मज्जातंतू, असे पाच मुद्दे वहीत लिहून ठेवले आहेत. ओट्याशेजारी उंच स्टूल आणले आहे. आई त्यावर बसून भाजी चिरते, पोळ्या मात्र अजून उभ्यानेच लाटते.